कठडा म्हणायचं नाही

५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (उत्तम आहेत याची खात्री देते. अनेक आहेत की नाहीत, ते तुझं उत्तर किती दिवसांत येतं त्यावर.)

संग्रहालयात तुला फोन बंद ठेवावा लागतो आणि घरी गेल्यावर तो चालू करायचं तू विसरतोस, म्हणून पुन्हा कागदच हाती घेतला. आज दवाखान्यात गर्दी नाही. केसपेपरच्या खिडकीत बसून, बाद झालेल्या केसपेपरांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. मागे कुणाचा जुना खोकला दिसला तर घाबरू नकोस.

आई बरी आहे. म्हणजे आहे तशीच आहे. पायऱ्यांवरून पडली त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. हाड जुळलं, पण धीर काही जुळला नाही. आपली वस्ती टेकडीवर आणि जग खाली: बस खाली, दूधकेंद्र खाली, तिच्या मैत्रिणी खाली. मध्ये चौसष्ट पायऱ्या आणि धरायला हवा. दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला ओळखत असते. पोस्टमनने (निवृत्त झाला तरी आम्हाला तो पोस्टमनच) नवे बूट घेतलेत आणि ते त्याला चावताहेत, ही बातमी त्याच्या बायकोच्या आधी आईला होती.

कठड्यासाठी आम्ही नगरपालिकेकडे अकरा अर्ज केले. अकराव्याला उत्तर आलं. कठड्यासाठी तरतूद नाही, मात्र ‘सार्वजनिक कला व लोकसहभाग’ या सदराखाली तरतूद शिल्लक आहे, सबब आपल्याकडे एक कलाकार पाठवत आहोत. मागायला गेलो कठडा आणि पदरात पडली कलाकारबाई.

मुलगी वाईट नाही, उगाच नावं ठेवणार नाही. तिशीची असेल, पांढरे शुभ्र बूट, बोलताना दोन्ही हात हवेत. सभागृहात खुर्च्या गोल मांडायला लावल्या. म्हणाली, गोलात कुणी पुढे नसतं, कुणी मागे नसतं. आपल्या वस्तीतला वेल्डर माझ्या कानात म्हणाला की सटकायलाही जागा नसते. मग रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि विचारलं की या पायऱ्या तुमच्याशी काय बोलतात, ते एका शब्दात लिहा. एकेचाळीस जणांनी लिहिलं. अडतीस चिठ्ठ्यांवर ‘कठडा’. एकीवर ‘कठडा, लवकर’. एकीवर ‘दिवा’. एक कोरी, ती पोस्टमनची, त्याचा चष्मा घरी राहिला होता.

बाईने चिठ्ठ्या छातीशी धरल्या. आठ दिवसांनी भिंतीवर भलामोठा कागद लागला, ‘समूहाचा आवाज’. त्यावर आशा होती, स्मृती होती, ओळख, प्रवाह, सगळं होतं. कठडा तेवढा नव्हता. मी विचारलं, तर म्हणाली की तो शब्द फारच शब्दशः होता. कोऱ्या चिठ्ठीवर मात्र ती अर्धा तास बोलली. ती म्हणे सगळ्यात बोलकी.

आता प्रत्येक पायरीवर कवितेची एकेक ओळ रंगवायची टूम आहे. म्हणजे लोक वाचता वाचता पडतील. तू तेवीस वर्षं कलेच्या सहवासात आहेस, खुर्चीवर बसून का होईना. शब्द शब्दशः नसावा तर कसा असावा, एवढं कळव.

आईचे आशीर्वाद. तू वाळलास का, असं विचारते. मी काय सांगू? मी तरी कुठे पाहिलंय?

माया आहेच. ती टिकवायला वर्षातून एक खेप घालावी, एवढंच.

तुझी ताई

*

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. (दंडवत म्हणणार होतो, पण गुडघा नाही म्हणाला.)

पत्र पोचलं. खोकला पाठमोराच राहू दिला.

ताई, तू मुळातच चुकलीस. कठडा मागताना कठडा म्हणायचं नाही. मी सहा नंबरच्या दालनात पहाऱ्याला बसतो. माझ्यासमोर गेली चार वर्षं एक मोडकी शिडी भिंतीला टेकवून ठेवली आहे. पहिल्या दिवशी मी ती रंगाऱ्याची समजून अडगळीत नेऊन ठेवली होती आणि माझी नोकरी जाता जाता वाचली. शेजारी पाटी आहे: ‘आरोहणाच्या शक्यतेविषयीचा संशय’. शिडी लिहिलं असतं तर तिला कुणी दारातही उभं केलं नसतं.

तेवीस वर्षांत मी एकच वाक्य बोललो, ‘कृपया हात लावू नका.’ पण पाट्या सगळ्या वाचल्या. इथे वाचायला दुसरं असतं काय? तेव्हा आता नीट ऐक आणि पाठ कर. कठड्याला म्हणायचं ‘आधाराची अखंड रेषा’. पडण्याला म्हणायचं ‘गुरुत्वाशी संवाद’. लोखंडी पाइप नको म्हणाली, तर म्हण की लोखंडात श्रमाची स्मृती असते. ती अडखळली तर गप्प बस आणि दूर कुठेतरी बघ. गप्प बसण्याला इथे फार मान आहे. आणि काहीही झालं तरी ‘सोय’ हा शब्द काढू नकोस. सोय म्हटली की कला गेली.

शिवाय पायऱ्या चौसष्ट आणि कलाही चौसष्ट, हे तिच्या कानावर अजून कुणी घातलं नाही? सहज बोलता बोलता टाकून दे. शोध तिचा तिलाच लागू दे.

यायचं म्हणतोस आणि येत नाहीस, हे तू लिहिलं नाहीस तरी मी वाचलं. रजा मिळत नाही हे एक. आणि गुडघ्याचं तर सांगितलंच. त्या पायऱ्या मलाही आता झेपत नाहीत. मातोश्रींना सांग, मी वाळलेलो नाही. उलट खुर्चीने एकदा तक्रार केली आहे.

तुझ्या रागाचाही लोभीच असलेला,
धाकटा

*

२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., या वेळी खरोखर अनेक, मोजून घे.

लागू पडलं रे! तुझं पत्र आलं त्याच आठवड्याच्या बैठकीत बाईंनी नवा बेत मांडला. वस्तीतल्या बायकांनी मिळून लोकरीचा लांबलचक दोर विणायचा आणि पायऱ्यांच्या कडेने सोडायचा, म्हणजे आमची ‘नाती दृश्यमान’ होतील. वेल्डर उठला आणि म्हणाला की लोकर आठवणींचा भार सोसेल, आमच्या दूधकेंद्रवालीचा सोसणार नाही. दूधकेंद्रवालीने त्याला तिथेच धुतला. तेवढ्या गोंधळात मी उभी राहिले. मी म्हटलं, या वस्तीचा गुरुत्वाशी वर्षानुवर्षं एकतर्फी संवाद चालू आहे. आम्हाला आधाराची एक अखंड रेषा हवी आहे, आणि ती लोखंडात, कारण लोखंडात श्रमाची स्मृती असते. मग तू सांगितल्याप्रमाणे गप्प बसून दूर बघितलं. समोर पंखा होता, त्याच्याकडे बघितलं.

धाकट्या, बाईंनी वही खाली ठेवली. म्हणाल्या की गेली सहा वर्षं त्या ज्या वाक्याच्या शोधात होत्या, ते त्यांना आज केसपेपरच्या खिडकीतून मिळालं. चौसष्टचं मी पोस्टमनकडून वदवून घेतलं. बाई टाळ्या वाजवत उभ्याच राहिल्या. प्रकल्पाचं नाव ठरलं ‘चौसष्ट’. सांस्कृतिक खात्याच्या साहेबांनी तिसऱ्या दिवशी मंजुरी दिली. अकरा अर्जांना जे जमलं नाही ते एका वाक्याने केलं.

आता वेल्डर खरं काम करतोय. दीड इंची पाइप, दर चौथ्या पायरीला खांब, खांबाला सिमेंटचा पाया. बाई त्याच्या शेजारी उकिडव्या बसून ठिणग्यांचे फोटो काढतात. पांढरे बूट आता राखाडी झालेत. वेल्डर म्हणतो की सांधा घासून गुळगुळीत करू, नाहीतर हाताला लागेल. त्या म्हणतात की सांधा दिसू दे, ती जखमेची कबुली आहे. दोघं त्यावर चहा पितात आणि वेल्डर नंतर गुपचूप घासतो.

आम्हा सगळ्यांच्या एका कागदावर सह्या घेतल्या. आम्ही म्हणे लाभार्थी नाही, ‘सहनिर्माते’. एकेचाळीस सह्या सभागृहात झाल्या आणि बेचाळिसावी आईची, बाई स्वतः घरी येऊन घेऊन गेल्या. आईने विचारलं, मी काय निर्माण केलं? बाई म्हणाल्या, तुमची अनुपस्थिती ही या कृतीतली सर्वांत मोठी उपस्थिती आहे. आई म्हणाली, बरं बाई, आणि जाड पेनाने सही ठोकली. बाई गेल्यावर मला माळ्यावरून चपला काढायला लावल्या. दोन वर्षांनी. पुसल्या, घालून बघितल्या, स्वयंपाकघर ते दार अशा सहा फेऱ्या मारल्या.

उद्घाटन वीस तारखेला. आलास तर पाइप धरून चढ.

जीव लावतोस तसाच लाव, जरा जवळून.

तुझी ताई

*

२३ मार्च

धाकट्यास,
आशीर्वाद आहेत. आज ते मोजायला मला जमणार नाही.

उद्घाटन झालं. साहेब आले, फीत कापली, भाषणात आमचा उल्लेख नऊ वेळा झाला. पोस्टमनने मोजला. बाई रडल्या. वेल्डरला मंचावर बोलावलं आणि तो हातमोजे घालूनच गेला. मग साहेबांच्या माणसांनी एक पाटी आणली आणि पहिल्या खांबाला ठोकली. त्यावर लिहिलं आहे, ‘कलाकृतीस हात लावू नये.’

मला वाटलं चुकून दुसरीकडची आली. मी साहेबांना गाठलं. ते अगदी समजुतीने बोलले. कठडा असता तर तो बांधकाम विभागाचा, त्याला हात लावायला हरकत नव्हती. पण ही कलाकृती म्हणून नोंदली गेली आहे, तिचा विमा उतरवला आहे आणि हाताच्या घामाने रंग उडतो. लोकांनी तिचा आस्वाद घ्यावा. मी म्हटलं, कसा? म्हणाले, दुरून. पायऱ्या चार फूट रुंद आहेत धाकट्या! दुरून म्हणजे काय दरीतून घ्यायचा? खाली एक पहारेकरीही बसवलाय, शिट्टीसकट.

आता ऐक. आई त्या दिवशी निघाली होती. चपला घालून, केस विंचरून. मी एका बाजूला आणि पाइप दुसऱ्या बाजूला. तीन पायऱ्या उतरली. हात पाइपवर असा घट्ट ठेवला होता की बोटं पांढरी झाली, पण उतरली. आणि खालून शिट्टी वाजली. तिने हात असा काढून घेतला, जसा कुणी चोरी पकडल्यावर काढतं. मी पहारेकऱ्याशी भांडायला वळले, तोवर ती उलटी फिरून दोन पायऱ्या हातांवर चढलीसुद्धा होती. घरात येऊन चपला काढल्या आणि म्हणाली की राहू दे, लोकांची वस्तू आहे.

काल पोस्टमन घसरला. पाइप अर्ध्या हातावर होता, पण नियम मोडायला नको म्हणून त्याने धरला नाही. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस. मनगट मुरगळलं. केसपेपर मीच काढला.

तुझ्या शब्दांनी तो कठडा आला आणि त्याच शब्दांनी तो गेला. राग तुझ्यावर नाही असं लिहिणार होते, पण खोटं का लिहू? आम्ही साधी माणसं साधं मागत होतो, तेवढ्यावर राहिलो असतो तर निदान आईने पुन्हा चपला काढल्या नसत्या.

ताई

*

३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. आणि या वेळी गुडघा टेकून.

तुझं पत्र मी खुर्चीवर बसून वाचलं आणि मग उभाच राहिलो. एक बाई शिडीच्या जवळ गेल्या होत्या. तोंडाशी आलेलं नेहमीचं वाक्य गिळून टाकलं. तो पहारेकरी म्हणजे मीच की गं. मी आईला शिट्टी वाजवली नसती असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. इतक्या वर्षांत माणसाचा चेहरा बघायची सवय राहिली नाही, आधी हात दिसतो.

मी तुला शब्द पुरवले तेव्हा मजा वाटत होती. पाट्यांना फसवलं असं वाटत होतं. पाटीने मलाच फसवलं.

पण पहाऱ्याच्या नोकरीत एक गोष्ट पक्की शिकलो, ती सांगतो. मनाई असते ती पुऱ्या झालेल्या कृतीला. काम चालू असेल तोवर ती करणाऱ्यांना कुणी अडवत नाही. मागे एका कलाकाराने इथल्याच दालनात मातीची भिंत उभारली, सात महिने रोज येऊन चापटायचा. त्याला आम्ही चहा द्यायचो. तुम्ही बेचाळीस जण सहनिर्माते आहात, सह्या आहेत. कृती अपुरी आहे असं फक्त कलाकाराने लिहून द्यायचं. साहेब नाही लिहू शकत, मी नाही, तू नाही. ती मुलगीच लिहू शकते.

तिला कसं सांगायचं ते मात्र मी सांगणार नाही. माझे शब्द वापरू नकोस. तिला घरी बोलाव, आईसमोर बसव आणि जे आहे ते सांग, जसं मला लिहिलंस तसं.

राग ठेव. पण पत्र पाठव.

तुझा धाकटा

*

१५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. अनेक पुन्हा चालू केले आहेत.

बाईंना घरी बोलावलं. पाटीचं त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, आपल्यालाही टोचलं होतं, पण खात्यापुढे काय बोलणार? शिवाय न धरता येणारा आधार हीसुद्धा एक सशक्त प्रतिमा आहे. मी सांगायला तोंड उघडलं, तर आईने मला हाताने गप्प केलं. बाईंना म्हणाली की मला खाली दूधकेंद्रापर्यंत जायचंय, तू चल, पाइपला हात लावायचा नाही, तुलाच धरते.

मी वरून बघत होते. तुला सांगते, पन्नास मिनिटं लागली. आईने त्या मुलीच्या दंडाला जी पकड घातली, ती सोडलीच नाही. दहाव्या पायरीपर्यंत बाई काहीबाही बोलत होत्या. विसाव्यापर्यंत बोलणं बंद झालं. तिसाव्या पायरीवर आईचा पाय घसरला आणि दोघी गेल्याच असत्या. बाईंनी मोकळ्या हाताने पाइप गच्च पकडला. खालून शिट्टी वाजली. बाईंनी पहारेकऱ्याकडे बघून जे शब्द वापरले, ते फारच शब्दशः होते. मी ते इथे लिहीत नाही, आईने ते मला नंतर दोनदा ऐकवले.

खाली पोचल्यावर त्या तिथेच बसून राहिल्या. दूधकेंद्रवालीने पाणी दिलं. दंडावर आईच्या चार बोटांचे वळ उठले होते. बाईंनी त्यांचा फोटो नाही काढला. आईला विचारलं म्हणे, तुम्हाला रोज एवढी भीती वाटते? आई म्हणाली, रोज नाही, मी उतरतच नाही ना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्याला पत्र दिलं. नक्कल माझ्याकडे आहे: ‘प्रस्तुत कृती अपूर्ण आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांच्या घर्षणाने ती पूर्ण व्हायची आहे. अंदाजे कालावधी शंभर वर्षे.’ साहेब संतापले, मग त्यांनी फाइल उघडली. चालू कामाच्या रकान्यात शंभर वर्षं लिहिण्यापुरती जागा होती, म्हणून मंजूर केलं. पाटी वेल्डरने कापून काढली. पहारेकरी दुसरीकडे गेला, जाताना पाइप धरून उतरला.

एक अट आहे. काम चालू असल्याने दरमहा प्रगती अहवाल द्यायचा, किती हात लागले त्याचा. तो मी लिहिते. पहिल्या अहवालात हात पाच हजार एकशे बारा, कोपर सात, आणि पोस्टमनचं पोट एकदा. साहेबांनी उलट टपाली विचारलंय की कोपराची नोंद कोणत्या सदरात घ्यावी.

आई रोज अर्ध्यापर्यंत जाऊन येते. मी बरोबर असतेच, तिला एकटी सोडत नाही. चिडते, चिडू दे.

लोभाचं काय लिहू? पायऱ्यांना धरायला आता पाइप आहे. ये.

तुझी ताई

*

२६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. आणि क्षमापत्र, दोन्ही एकातच.

काल दुपारी फोनवर तू आधी रडलीस, मग रागावलीस, मग पुन्हा रडलीस, त्यामुळे आई माझ्याकडे सुखरूप आहे यापलीकडे काही सांगता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

अकराच्या सुमाराला मी दालनात बसलो होतो. दारातून एक म्हातारी आत आली, खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःची उशी. ती आपली आई आहे हे कळायला मला वेळ लागला, ही दोन वर्षं मी तिला खिडकीच्या चौकटीतच आठवत होतो. तू दवाखान्यात गेल्यावर ती निघाली. चौसष्ट पायऱ्या एकटी उतरली, बस पकडली, दोन ठिकाणी विचारलं. मी उठून उभा राहिलो, तर ती माझ्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, तू वाळलेला नाहीस, ताई उगाच काळजी करते.

मग सगळं दालन बघितलं. शिडीपुढे बराच वेळ थांबली. विचारलं, ही चढायची आहे का? मी नाही म्हटलं. मग कशाला ठेवलीय? मी पाटी वाचून दाखवली. तिने पुन्हा वाचायला लावली आणि म्हणाली, लिहिणारा पडलेला दिसत नाही कधी.

घरी आल्यावर मी तिला बोललो, की ताईला न सांगता आलीस, जिवाला घोर लावलास. ती उशीला खोळ घालत होती. म्हणाली, दोन वर्षं तुम्ही दोघं माझ्या जिवाला घोर लावून बसलात, एकीने दार लावून आणि एकाने न येऊन. सांगितलं असतं तर ताई बरोबर आली असती. मला धरायला माणूस नको होता, पाइप पुरे होता. ताई, मी गुडघ्याचं काढणार होतो. नाही काढलं.

रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं येतोय. तिची अट आहे की ती एकटी चढणार. मी दोन पायऱ्या मागे राहीन, ते तिला सांगितलेलं नाही. तू खाली उतरून हात धरायला यायचं नाही. वरच थांब. खिडकीतून बघितलंस तर चालेल, पण दिसू नकोस, आणि आम्ही मध्ये कुठे थांबलो तरी हाक मारू नकोस. थांबलो तर मी दमलो असेन.

भेटीचाच लोभी,
धाकटा